बारकीला न दिलेली खूण

पुतणीची एका नावाजलेल्या गानवृंदात पगारी गायिका म्हणून निवड झाली, म्हणून काकांनी तिला आणि तिच्यासोबत निवडल्या गेलेल्या दोन मैत्रिणींना रात्री जेवायला बोलावलं होतं. काकांनी चाळीस वर्षं पियानो सुरात लावायचं काम केलं. आता कान शाबूत आहेत, पण हात थरथरतो, म्हणून घरी असतात, आणि ऐकायला कुणी सापडलं की त्याला लवकर सोडत नाहीत. जेवणं आटोपली, साडेदहा वाजून गेले. मुली हसत हसत सांगत होत्या की नवे सर भलतेच कडक आहेत, श्वाससुद्धा ते सांगतील तिथेच घ्यायचा. काका हसले नाहीत. त्यांनी गॅलरीचं दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले.

हसा, हसा. मीही हसायचो. पण एक ऐकून ठेवा आणि मग घरी जा. ही उडत उडत आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली त्या माणसाने मला स्वतः सांगितली आहे, दोनदा, आणि दोन्ही वेळा शब्दाला शब्द तोच. थापा मारणारा माणूस दुसऱ्या वेळी थोडं तिखटमीठ वाढवतो. यांनी चिमूटभरही वाढवलं नाही.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. गानवृंदाचे कंडक्टर. त्यांची आई कौतुकाने सांगायची, मुलगा कंडक्टर आहे, आणि लोक विचारायचे, कुठल्या मार्गावर? मास्तरांना ही थट्टा अजिबात खपायची नाही. हाताखाली सोळा तरुण पोरं-पोरी, सगळ्यात मोठा सत्तावीसचा. वाद्य नाही, काही नाही, नुसते सोळा गळे. चार ओळी, मुलींच्या वरच्या-खालच्या सुराच्या दोन, मुलांच्या तशाच दोन, दर ओळीत चौघं. मास्तरांनी हात उचलला की सोळा जण एका माणसासारखे गायचे, आणि मास्तरांनी मूठ मिटली की आवाज बंद. मूठ मिटल्याशिवाय कुणी थांबायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम श्वासाचा. त्यांची एक रचना होती, तिच्यावरच त्यांचं नाव झालं होतं. तिच्या शेवटी एक सूर सव्वा मिनिट धरायचा. माणसाची छाती एवढी पुरते होय? मग काय करायचं, तर एका ओळीतल्या चौघांनी आळीपाळीने, चोरून श्वास घ्यायचा. एक घेतोय तोवर बाकीचे सूर सांभाळतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा सूर तुटलाच नाही. कुणी कुठे श्वास घ्यायचा ते मास्तर प्रत्येकाच्या कागदावर लाल पेन्सिलीने स्वतः लिहीत. स्वल्पविरामाएवढी खूण. खूण आहे तिथे श्वास घे आणि लगेच परत सुरात ये. खूण नाही तिथे मेलात तरी नाही. हे शब्द माझे नव्हेत, त्यांचे. पुढे ते त्यांना फार महागात पडले.

मुलींच्या खालच्या ओळीत एक होती. अंगाने अगदी काडी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणायचे. पण तिचा खालचा सूर लागला की लाकडी जमिनीतून तळव्यांना कळायचा. आणि दम असा की मास्तरांनी तिच्या भरवशावर एक धाडस केलं होतं. त्या शेवटच्या सुरात बारकीच्या तिघी जोडीदारणींना एकाच ठिकाणी श्वासाची खूण दिली. का, तर तिथून पुढे आवाज चढवत न्यायचा, त्याला छाती भरलेली हवी. तिघी श्वास घेत तेवढा वेळ ती ओळ एकट्या बारकीवर. तिच्या शेवटच्या पानावर एकसुद्धा लाल खूण नव्हती. कोरं पान. मास्तर ते पान पाहुण्यांना काढून दाखवायचे, इतका त्यांना अभिमान.

त्या वर्षी जानेवारीत बारकीला खोकला लागला. जायचं नाव घेईना. मोठा कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला. तालीम संपल्यावर सगळे गेले तरी ती थांबली, आणि मास्तर कागद गोळा करत होते तिथे येऊन म्हणाली, "सर, शेवटच्या पानावर मला एक खूण द्याल? एकच."

मास्तरांनी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "तू श्वास घेतलास तर खाली राहील काय? तुझ्यावर तर सगळं उभं आहे."

ते कौतुकाने म्हणाले होते हो. तीही हसली, बरं म्हणाली आणि गेली. कार्यक्रमात तिने तो सूर धरला. तुटू दिला नाही. आत कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पडली ती उठलीच नाही. अकरा दिवस दवाखान्यात होती, आणि गेली. डॉक्टरांनी सांगितलं, छातीचं दुखणं कित्येक महिन्यांचं, गाण्याचा त्यात काही संबंध नाही. तिच्या आईनेही मास्तरांना बोल लावला नाही. कुणीच दोष दिला नाही, आणि तेच त्यांना सोसेना.

पुढे पावसाळ्याच्या सुमाराला तिची धाकटी बहीण चाचणीला आली. एकोणीस वर्षांची. आवाज त्याच जातीचा, थोडा कोवळा. मास्तरांना तिला घ्यायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. घेतली. मला ताईच्या जागी उभं राहायचंय, एवढंच ती म्हणाली, आणि मास्तरांनी डावीकडून दुसरी ती जागा तिला दिली.

आता त्या रात्रीचं सांगतो. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. त्या रचनेचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. त्यांचा हॉल एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता आणि यंत्रं साडेनवाला बंद व्हायची, म्हणून रेकॉर्डिंग दहानंतर. संध्याकाळी सात वाजता मास्तर स्वरलेखनाच्या कागदांची फाइल आणायला ऑफिसात गेले. कागद सांभाळायला एक बाई होत्या, शिस्तीच्या. त्यांनी आठवण करून दिली की खालच्या ओळीचा चौथा कागद अजून जुनाच आहे, नव्या मुलीसाठी नवा काढू का? तालमीला ती साध्या प्रतीवरून गात होती, आणि तालमीत कुणीच तो शेवटचा सूर पुरता धरत नसे. गळा राखायला चार मोजायचे आणि सोडायचे. त्यामुळे नव्या मुलीला श्वासाची खूणच नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नवा कागद काढायचा म्हणजे बारकीचं पान उघडायचं. शेजारी ठेवून बघायचं. तिघींच्या खुणा बदलायच्या. मास्तरांच्याने ते होईना. ते म्हणाले, असू द्या, जुनाच द्या. फाइल काखेत मारून बाहेर पडले. कंडक्टरच्या हातून व्हायला नको ती चूक झाली ती इथे, भर उजेडात, दोन शब्दांत.

दहाला पोरं जमली. शेजारच्या खोलीत काचेमागे रेकॉर्डिंगवाला बसलेला, गळ्यात मफलर, थर्मासमधला चहा एकटाच पीत होता. कोपऱ्यात झाकण लावलेला पियानो, तोही फक्त सुरुवातीचा सूर द्यायला. पंखे बंद, खिडक्या बंद. कागद वाटले. धाकटीने ताईचा कागद हातात घेतला, कोपऱ्यावर लिहिलेलं नाव वाचलं, आणि ताईच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

अकरा चाळीसला पहिल्यांदा सबंध रचना झाली. अशी झाली की मास्तर स्वतः चकित. शेवटचा सूर सव्वा मिनिट, सरळ, भरलेला, कुठे तडा नाही. मूठ मिटली. शांतता. काचेमागून रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा वर केला.

आणि धाकटी म्हणाली, "सर, माफ करा. माझ्याने धरवलं नाही. मध्येच दम गेला, मी गप्प उभी राहिले. परत घेऊ या."

मास्तरांनी कुठे ते विचारलं. तिने बोट ठेवून दाखवलं. बाकी तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण तिथेच तिघींची श्वासाची खूण. तिघींनी श्वास घेतला होता. चौथी गप्प होती. म्हणजे तिथे ती ओळ बंद पडायला हवी होती. भोकच पडायला हवं होतं.

मास्तर म्हणाले, ऐकू या. रेकॉर्डिंगवाल्याने लावलं. ती जागा आली. वरचे आवाज होते, मुलांचे होते, आणि खाली... खाली तो सूर होता. एकटा. स्पष्ट.

एक मुलगा म्हणाला, हॉल घुमत असेल. रेकॉर्डिंगवाल्याने मान हलवली. हॉल घुमला तर आवाज विरत जातो, हा विरत नव्हता. तिघींपैकी सगळ्यात जुनी जी होती ती हळूच खाली बसली. तिने तो आवाज ओळखला होता. मास्तरांनीही ओळखला होता. पण त्यांनी स्वतःला समजावलं, धाकटीच गायली असेल, घाबरली आहे, आठवत नाही तिला. बहिणीचा आवाज बहिणीसारखा असायचाच.

त्यांनी दुसऱ्यांदा घ्यायचं ठरवलं. या वेळी खालच्या ओळीतल्या चौघींना बजावलं, त्या जागेला मी डावा हात खाली केला की चौघींनी ओठ मिटायचे. नुसते मिटायचे नाहीत, दाबून धरायचे. मला दिसले पाहिजेत.

बारा वाजून पस्तीस मिनिटं.

सूर लागला. चढला. ती जागा आली. मास्तरांनी डावा हात खाली केला. चौघींचे ओठ मिटले. त्यांना दिसत होते. एक, दोन, तीन, चार.

सूर चालूच होता.

डावीकडून दुसऱ्या जागेवरून येत होता. धाकटीच्या मागून नाही, पुढून नाही. ती उभी होती तिथूनच. तिचे ओठ दाबलेले, डोळे विस्फारलेले. पायाखालची फळी थरथरत होती. मास्तरांच्या तळव्यांना कळत होती.

कुणी ओरडलं नाही. मूठ मिटली नव्हती ना. नियम तो नियम. गात राहिले बिचारे...

मास्तरांनी मूठ मिटली. सगळं थांबलं.

मग मास्तर धाकटीजवळ गेले. तिच्या हातातून तो कागद घेतला. दहा महिन्यांनी ते पान त्यांनी पहिल्यांदा बघितलं. कोरं. आणि तेव्हा त्यांना उमगलं, पोरींनो, की बारकी कुणाला घाबरवायला आली नव्हती. तिला खूण दिली नव्हती, म्हणून ती धरून होती. सांगितलं तेवढं करत होती. जानेवारीपासून.

ते मला म्हणाले, मी तिथे रडायला हवं होतं, पण मला आधी लाज वाटली. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. त्या जागेवर स्वल्पविरामाएवढी एक खूण केली. कागद धाकटीच्या हातात परत दिला. कुणाला काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, एकदा शेवटचं.

एक वाजून बारा मिनिटं.

सूर लागला.

चढला.

ती जागा आली. तिघींनी श्वास घेतला. मास्तर डावीकडून दुसऱ्या जागेकडे वळले. धाकटीकडे नाही. तिच्या थोडं वर, जिथे बारकीचे डोळे यायचे तिथे पाहिलं. आणि तळहात उचलला. घे. घे बाळा.

सूर तुटला.

आणि श्वास ऐकू आला. एक. खोल. किती वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येऊन घेतो तसा. सोळा जणांनी ऐकला. काचेमागे रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचे हेडफोन काढून खाली ठेवले.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुटली, त्यांना वाटलं. सुटली एकदाची.

मग... सूर परत सुरू झाला.

अरे मास्तर, कंडक्टर ना तुम्ही! श्वासाची खूण म्हणजे सुट्टी नव्हे. श्वास घे आणि परत सुरात ये, हे त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी तिला श्वास दिला होता. सोडलं नव्हतं. आणि आता तर ती ताजी होती. भरल्या छातीने गात होती.

एकेक करून बाकीचे थांबले. नियम मोडून थांबले. वरची ओळ थांबली. मुलं थांबली. तिघी थांबल्या. दिवे चालू होते. कुणी हललं नाही. हॉलमध्ये एकच सूर राहिला. बारकीचा.

मास्तरांचा हात अजून वर होता. मूठ मिटायची बाकी होती. बोटं जवळ यायला लागली, आणि धाकटी बोलली.

"सर, मूठ मिटू नका."

मास्तर थांबले.

"घरी ती कधी गायलीच नाही. आवाज राखायचा म्हणायची. आई म्हणायची, एकदा गा गं आमच्यासाठी, तर म्हणायची, उद्या कार्यक्रम आहे. आम्हाला तिचा आवाज माहीतच नाही, सर. सगळा तुम्हीच घेतलात. थोडा वेळ राहू द्या."

मास्तरांनी हात तसाच धरला. एक मिनिट झालं. दोन झाली. खांद्यातून कळा यायला लागल्या. धाकटीने डोळे मिटून घेतले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती ऐकत होती. तीन मिनिटं. सूर जराही हलत नव्हता. कुठेही श्वास नाही. एकच खूण होती ना कागदावर. ती घेऊन झाली होती.

चार मिनिटं.

मास्तर म्हणाले, "ती दमली असेल गं."

धाकटीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी मूठ मिटली.

शांत झालं सगळं. इतकं शांत की शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

त्या रात्रीचं सगळं रेकॉर्डिंग मास्तरांनी डोळ्यांसमोर पुसून टाकायला लावलं. ती रचना त्या वृंदाने पुन्हा गायली नाही, आणि मास्तरांनीही पुन्हा कुणापुढे हात उचलला नाही. धाकटीने गाणं सोडलं. आता कुठेशी नोकरी करते, बरं चाललंय म्हणतात. जाताना तो कागद तिने मागितला नाही आणि मास्तरांनी दिला नाही. कुणी कुणावर रागावलं होतं असं नाही. पण दोघांनी एकमेकांचं तोंड पुन्हा पाहिलं नाही एवढं खरं.

मास्तरांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं ते महिन्याभराने, आणि दुसऱ्यांदा ते अंथरुणाला खिळल्यावर. दोन्ही वेळा शेवटी हात धरून एकच विचारलं, "सुटली असेल ना हो ती?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो. छातीठोकपणे म्हणालो. आज मास्तर नाहीत, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. मी खोटं बोललो.

त्या मंगळवारानंतरच्या शुक्रवारी मी त्या हॉलमध्ये पियानो लावायला गेलो होतो. माझी दर तीन महिन्यांची पाळी. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्रीचे सव्वादहा झाले होते, खाली छापखाना बंद, वर मी एकटा. काम संपत आलं होतं. आता हे नीट समजून घ्या. पियानोची पट्टी अगदी हलक्या हाताने दाबली तर आवाज होत नाही, पण तारेला गप्प ठेवणारी लोकरीची गादी उचलली जाते आणि तार मोकळी होते. अशा मोकळ्या तारेजवळ कुणी तोच सूर गायलं, तर तार आपोआप वाजायला लागते. यात भुताखेताचं काही नाही, कुठल्याही पियानोवर करून बघा. मी सवयीने एकेक पट्टी तशी दाबून तारा तपासत होतो. गप्प होत्या सगळ्या.

मधल्या पट्ट्यांच्या जरा खालची एक पांढरी पट्टी दाबली, आणि तिची तार वाजायला लागली.

मी खिडक्या बघितल्या. बंद. खाली रस्ता रिकामा. हॉलमध्ये मला काही, काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त ती तार वाजत होती. मी बोट उचललं, थांबली. दाबलं, सुरू. बाकी कुठलीच वाजेना. तो सूर बारकीच्या शेवटच्या पानावरचा, हे मला महिन्याभराने कळलं. मोकळी तार दहा-पंधरा सेकंदांत विरते. ही विरेना. मी घड्याळ समोर ठेवलं आणि बोट दाबून बसून राहिलो. अर्धं मिनिट. पाऊण. एक मिनिट. बोट दुखायला लागलं.

मग तार थांबली. माझं बोट पट्टीवरच होतं.

एक श्वास घ्यायला लागतो, तेवढाच वेळ थांबली.

आणि परत वाजायला लागली.